पाणी आलं, पण उतरेना: ठाणे खाडीकाठच्या एका तळ्याचं प्रकरण

हे प्रकरण ठाणे खाडीच्या पूर्व काठावरचं आहे. तळ्याचं, वसाहतीचं, माणसांचं आणि कचेऱ्यांचं नाव दिलेलं नाही. जागा ओळखू येऊ नये म्हणून काही बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. खाडी, पक्षी, भरती-ओहोटी आणि कायदे यांबद्दल जे लिहिलं आहे ते आहे तसंच आहे.

पार्श्वभूमी

ठाणे खाडी साधारण 26 किलोमीटर लांब. दोन्ही काठांना तिवरांचं जंगल, म्हणजे कांदळवन, आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. 2015 साली खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आला. हिवाळ्यात इथे येणाऱ्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, आकडा बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) गणनेत 2019 च्या सुमारास एक लाखाच्या वर गेला होता. बातम्यांत येतात ते हेच गुलाबी पक्षी. पण चिखलावर पोट भरणारे बाकीचेही पुष्कळ आहेत: टिलवे, चिखल्या, पाणटिवळे, तुतवार, उचाट्या. छोटा टिलवा जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा पक्षी. तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात वीण करतो आणि ऑगस्टच्या अखेरीस इथे उतरायला लागतो.

चिखल दिसायला उजाड. ओहोटीला गुडघाभर आत उतरलं की चित्र बदलतं. पृष्ठभागावर तपकिरी-सोनेरी तवंगासारखी सूक्ष्म शेवाळं असतात, खाली किडे, शिंपले, बारीक कोळंबी. निवट्या, चिखलावर चालणारे छोटे मासे, पंखांवर रेटत पळतात, आणि नर खेकडे एक मोठी पांढरी नांगी हलवत बिळापाशी उभे असतात. बोय आणि जिताड्याची पिल्लं तिवरांच्या मुळांशी वाढतात आणि मग खाडीत जातात. रोहित डोकं उलटं करून चोचीतून पाणी गाळतो. लहान रोहिताचा भर शेवाळांवर, मोठा रोहित कवचवाले जीवही खातो. म्हणजे खाणं चिखलात आहे, आणि ते मिळतं चिखल उघडा असताना किंवा वर बोटभर-वीतभर पाणी असताना. पाणी वर चढलं की ताट झाकलं.

खाडीत भरती साधारण साडेबारा तासांनी येते. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, चढउतार बराच कमी असतो. भरतीच्या वेळी मुख्य खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. त्या चार-पाच तासांत हजारो पक्ष्यांना उभं राहायला, पंख साफ करायला, थोडंफार खायला जागा लागते. ही जागा बांधाच्या आत असते: जुनी मिठागरं, खाजणं, तळी.

आपलं तळं असंच. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मिठागर होतं, तेव्हा बांधात लाकडी फळ्यांची उघाडी होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, फळ्या टाकून अडवायचं, लागेल तेव्हा सोडायचं. मीठ बंद झालं, वसाहत उभी राहिली, बांधावरून रस्ता गेला. उघाडीच्या जागी रस्त्याखालून पाणी जाणारी दगडी मोरी राहिली. मोरी अरुंद, म्हणून आतलं पाणी खाडीच्या मागून चढायचं आणि कमी चढायचं. खाडीत पूर्ण भरती झालेली असताना तळ्यात जेमतेम घोटाभर पाणी. पक्ष्यांना नेमकं हेच हवं होतं. मुद्दाम कुणी हे घडवलं नव्हतं.

अडचण

रस्ता रुंद करताना दगडी मोरी काढून काँक्रीटचे दोन गोल ह्यूम पाइप टाकले गेले. नकाशात 'मोरीची जागा घेणारी दोन पाइपांची रांग' एवढंच लिहिलेलं. पाइपांची तळपातळी जुन्या मोरीच्या तळापेक्षा दोन-अडीच फूट वर होती. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पावसाचं पाणी व्यवस्थित बाहेर जात होतं. काम त्यासाठीच होतं.

पुढच्या काही वर्षांत पाइपांच्या खाडीकडच्या तोंडाशी बांधकामाची माती, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि गाळ साचला. आत येणारं पाणी घटत गेलं. एका उन्हाळ्यात तळं कडेने आटलं. मधल्या पाण्यावर हिरवं शेवाळ जाड चादरीसारखं पसरलं, ते कुजायला लागलं आणि वास वसाहतीच्या सातव्या मजल्यापर्यंत जाऊ लागला. मग काही रोहित मेलेले सापडले. एक तळ्यात, बाकीचे रस्त्यावर, सकाळी.

मेलेल्या पक्ष्यांमुळे प्रकरण पेटलं. फोटो फिरले, वार्ताहर आले. मृत्यूचं कारण एकच असं ठरवता आलं नाही. रस्त्यावरचे पक्षी नव्या प्रखर दिव्यांनी गोंधळून खाली आले असावेत, असा पक्षीनिरीक्षकांचा कयास होता. पण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं: 'तळ्यात पाणी नाही म्हणून पक्षी मरताहेत.' हे वाक्य पुढच्या वर्षभराच्या निर्णयांवर स्वार झालं. ते अर्धंच खरं होतं.

कुणाला काय हवं होतं

रहिवाशांना वास नको होता आणि खिडकीतून भरलेलं तळं दिसायला हवं होतं. जाहिरातीत 'लेक व्ह्यू' लिहूनच घरं विकली गेली होती. महापालिकेच्या पर्जन्यजल विभागाला एकच चिंता: पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हे तळं रिकामं हवं, नाहीतर तळमजल्यांत पाणी. नवी मुंबईतले बरेच भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहेत आणि अशी धारण तळीच तिथे पाणी पेलतात, त्यामुळे ही चिंता उगाच नव्हती. पक्षीनिरीक्षकांना पक्षी हवे होते, त्यातल्या काहींना फक्त रोहित. जमीन ज्यांच्या ताब्यात होती त्या संस्थेला प्रकरण लवकर मिटायला हवं होतं. कोळीवाड्यातल्या चार-सहा घरांची जाळी अजून मोरीच्या तोंडाशी लागायची. त्यांना बैठकीला दुसऱ्या खेपेपर्यंत कुणी बोलावलं नाही.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची होती आणि तिच्यातच सगळ्यात जास्त महिने गेले. एका गटाचं म्हणणं, हे पाणथळ क्षेत्र आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय नकाशासंग्रहातल्या दोन लाखांहून अधिक पाणथळींना संरक्षण दिलं, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या, आणि हे तळं त्याहून मोठं. समोरून उत्तर आलं की 2017 चे पाणथळ नियम मीठ पिकवण्यासाठी केलेल्या जलाशयांना लागू नाहीत, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, मोडणाऱ्या जागांनाही नाहीत. मग सीआरझेडकडे जा. तिथे 2019 च्या अधिसूचनेत चिखलपट्टे आणि कांदळवनं पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील वर्गात येतात. पण हे तळं बांधाच्या आत, मग भरतीचं पाणी आत येतं हे सिद्ध करा. आणि पाइप तुंबल्यामुळे नेमकं तेच आता येत नव्हतं! तुंबलेला पाइपच तळ्याचा दर्जा घालवत होता. असं लांबत गेलं तर एक दिवस 'ही कोरडी जमीन आहे' असं कागदावर उमटेल, ही भीती खरी होती.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत चार गोष्टी टेबलावर आल्या.

सुशोभीकरण: काठाच्या उतारावर दगड बसवून पिचिंग, पायवाट, कारंजी, पाण्यात हवा सोडणारी यंत्रं. निधी तयार होता, नगरसेवक उत्सुक होते. वास जाईल, तळं भरलेलं दिसेल. पण पिचिंग केलं की कडेचा उथळ चिखल संपतो, आणि टिलवे-चिखल्या नेमके तिथेच असतात. हा पर्याय बाजूला पडायला वेळ लागला, आणि तो पूर्ण मेला असं आजही म्हणवत नाही.

पंपाने खाडीचं पाणी आत टाकणं. पक्षी मरताहेत या घाईत हे बरंच लोकप्रिय होतं. डिझेलचा खर्च कोण देणार यावर गाडी अडली.

पाइप साफ करणं. स्वस्त, झटपट, परवानग्या कमी.

पाइप काढून जुन्या तळपातळीला नवी मोरी बांधणं. महाग, रस्ता काही दिवस अर्धा बंद, परवानग्यांची लांब यादी.

पाचवा मुद्दा एका वृद्ध कोळ्याने मांडला, तोही बैठकीबाहेर, मोरीशी उभं राहून. कनिष्ठ अभियंता पाइपात डोकावत होते. बाबा म्हणाले, "साहेब, पानी आत यील. पन परत कसं जाईल? ही नळी वर हाय." अभियंत्यांनी ऐकलं, मान हलवली. कार्यवृत्तात ते कुठे आलं नाही, कारण बाबा बैठकीत नव्हते.

पहिला निर्णय आणि त्याचा निकाल

पाइप साफ करायचं ठरलं. त्या क्षणी उपलब्ध माहितीवर हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पक्षी हंगामात होते, वर्तमानपत्रं रोज विचारत होती, आणि यंत्र लावून दोन-तीन दिवसांत होणारं काम समोर होतं. तिवराला हात लावायचा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला मानला जातो आणि सार्वजनिक कामासाठीही न्यायालयात जावं लागतं. पाइपाच्या तोंडाशी झाडं नव्हती. ही जमेची बाजू.

गाळ हाताने आणि लहान यंत्राने काढला. भांगेचे दिवस निवडले, म्हणजे काम चालू असताना पाणी अंगावर येणार नाही. पुढच्या उधाणाला पाणी धो-धो आत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका वाहिनीने 'तळ्याला नवसंजीवनी' चालवलं. आठवडाभरात वास कमी झाला.

आणि पक्षी कमी झाले.

रोहित पहिल्या दोन दिवसांत मोठ्या संख्येने उतरले, मग विरळ होत गेले. मोजके पक्षी कडेकडेने उभे. टिलवे दिसेनासे झाले. शेकाट्या तेवढे राहिले, लांब पायांचे. काहींनी याचं खापर वाढत्या उन्हावर फोडलं, काहींनी ड्रोन उडवणाऱ्या छायाचित्रकारांवर. ड्रोनचा त्रास खरोखर होता. पण मुख्य गोष्ट तळ्याच्या मधोमध दिसत होती. एका पक्षीनिरीक्षक तरुणीने बांबूवर फुटाच्या खुणा रंगवून तो चिखलात रोवला आणि रोज भरतीला आणि ओहोटीला मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. उधाणाला पाणी चढे. ओहोटीला काही इंच उतरे आणि थांबे. खाडी पार तळाला गेलेली असतानाही तळ्यात दोन फूट पाणी. पाइपाच्या तळापर्यंतचं पाणी निघून जाई, त्याखालचं अडकून राही. भांगेच्या दिवसांत तर आत काही येतही नसे आणि बाहेर काही जातही नसे.

फोटोंची ती मालिका प्रकरणाला कलाटणी देणारी ठरली. तोवर सगळा वाद 'पाणी आहे की नाही' यावर होता. आता विचारायचं होतं की पाणी किती वेळ उतरलेलं असतं. टिलव्याला एक-दोन सेंटिमीटर पाणी चालतं, पाणटिवळ्याला जरा जास्त, लहान रोहिताला त्याच्या गुडघ्यापर्यंत. दोन फूट कायम उभं पाणी म्हणजे बहुतेकांसाठी बंद दुकान. शिवाय सतत बुडालेल्या चिखलावर उजेड आणि हवा कमी पोहोचते, वरच्या शेवाळांचा थर बदलतो, खालचा गाळ प्राणवायूवाचून काळा पडतो.

याला जगात मोठं उदाहरण आहे. दक्षिण कोरियात सिहवा इथे 1994 मध्ये पावणेतेरा किलोमीटरांच्या जवळपास भिंत घालून समुद्राचा तुकडा बंद केला, गोड्या पाण्याचं सरोवर करायला. पाणी नासलं. शेवटी समुद्राचं पाणी परत आत सोडावं लागलं, आणि 2011 मध्ये त्याच भिंतीत भरतीवर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं. एवढा पैसा असलेल्या देशाला जे उलटं फिरवावं लागलं ते आपल्याकडे दोन पाइपांच्या पातळीपुरतं होतं. हे उदाहरण बैठकीत दिलं तेव्हा एक अधिकारी म्हणाले, "म्हणजे वीजही काढायची का इथून?" हसू झालं, पण मुद्दा पोहोचला.

दुसरा निर्णय: मोरी, पण केवढी?

आता मोरी खाली बांधायची यावर फारसा वाद राहिला नाही. वाद रुंदीवर झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच.

पर्जन्यजल विभागाला मोठी मोरी हवी होती. पाणी जितकं लवकर जाईल तितकं बरं. पक्षीनिरीक्षकही आधी याच बाजूचे, 'खाडीला मोकळं होऊ द्या' म्हणणारे. मग बीएनएचएसमध्ये पूर्वी काम केलेल्या एका अभ्यासकाने कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या: खाडीतली पातळी आणि तळ्यातली. मोरी रुंद केली की दोन्ही रेघा एक होतात. मग खाडीत भरती तेव्हा तळ्यातही पूर्ण भरती, दोन्हीकडचा चिखल एकाच वेळी बुडणार. पक्ष्यांनी भरतीला जायचं कुठे? तळ्याची किंमत त्याच्या उशिरात होती, अरुंद वाटेमुळे मागे पडणाऱ्या पाण्यात.

तडजोड अशी निघाली. चौकोनी काँक्रीटची मोरी जुन्या तळपातळीला, रुंदी मध्यम, आणि खाडीकडच्या बाजूला खाचा ठेवून त्यात फळ्या बसवायच्या. जुनी उघाडीच, फक्त लाकडाऐवजी न कुजणाऱ्या फळ्या. हिवाळ्यात दोन फळ्या ठेवून वाट अरुंद करायची, पावसाळ्यात सगळ्या काढून पूर्ण मोकळी. आता कोळीवाड्यातल्या दोघांना बैठकीला बोलावलं होतं. फळ्या कुठल्या बाजूने बसवल्या तर उधाणाच्या दाबाने अडकत नाहीत हे त्यांनीच सांगितलं.

कागदावर काय लिहायचं, यावरही बराच खल झाला. 'पाणथळ पुनरुज्जीवन' लिहिलं तर आधी पाणथळ आहे का याचा वाद परत उघडणार. म्हणून प्रस्ताव अस्तित्वातल्या मोरीच्या दुरुस्तीचा, जुन्या नोंदीतल्या तळपातळीप्रमाणे, त्याच जागी, झाडाला हात न लावता. मिठागराच्या काळातला एक मोजणी नकाशा सापडला त्यावर ती पातळी होती. काहींना हा मार्ग कमीपणाचा वाटला. तळ्याचा हक्क मिळवायच्या ऐवजी मोरीच्या आडून काम काढून घेतोय, अशी त्यांची भावना. पण दर्ज्याची लढाई वेगळी चालू ठेवता येते, आणि ती चालू आहे.

कामाची वेळ हा शेवटचा पेच होता. टिलवे-पाणटिवळे एप्रिल-मे मध्ये परततात. रोहित मेअखेर-जूनपर्यंत रेंगाळतात. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मधली फट अगदी लहान. एका उन्हाळ्यात परवानगी वेळेत आली नाही, तर काम रेटायचं की वर्षभर थांबायचं? थांबायचं ठरलं. वर्तमानपत्रांतून टीका झाली. पण अर्धी खोदलेली मोरी आणि पहिला मुसळधार पाऊस एकत्र आले असते तर वसाहतीत पाणी शिरलं असतं आणि प्रकल्प कायमचा गेला असता. पुढच्या मेमध्ये, भांगेच्या दिवसांत, रस्ता आळीपाळीने अर्धा बंद ठेवून काम झालं.

परिणाम

नवी मोरी चालू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात ओहोटीला तळं जवळजवळ रिकामं होऊ लागलं. आणि पहिली तक्रार रहिवाशांची आली: 'तळं आटवलं!' सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी आदल्या वर्षीच्या भरलेल्या तळ्याचा आणि आताच्या चिखलाचा फोटो शेजारी शेजारी टाकला. खाली ढिगाने रागाचे चेहरे. चिखलाचा हलका वासही होता, तो निरोगी चिखलालाही असतो. याची तयारी कुणी केलेली नव्हती. मग त्या बांबूवाल्या तरुणीने ओहोटीच्या वेळी दुर्बीण घेऊन लोकांना काठावर बोलवायला सुरुवात केली. त्यामुळे सगळे पटले असं नाही. तक्रारी कमी झाल्या.

पक्ष्यांमध्ये आधी परतले ते लहान: टिलवे, चिखल्या, तुतवार. रोहित त्या हंगामात उशिरा आणि थोडे आले. दुसऱ्या हंगामात भरतीच्या वेळी मोठे थवे उतरू लागले. यातलं किती मोरीमुळे आणि किती खाडीतल्या इतर बदलांमुळे, हे एका तळ्यावरून सांगणं धाडसाचं आहे. रोहित एका जागेला बांधलेले नसतात. उपग्रह टॅग लावलेले पक्षी खाडीच्या दोन्ही काठांवर आणि पार गुजरातेपर्यंत फिरताना दिसले आहेत. मे 2024 मध्ये घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले, तेव्हा या जागांमधली त्यांची येजा किती असते हे सगळ्या शहराने पाहिलं. चिखलातल्या बदलाबद्दल मात्र खात्रीने बोलता येतं. निवट्या मधल्या भागापर्यंत परत आल्या, खेकड्यांची बिळं वाढली, आणि मोरीच्या तोंडाशी बोयाची जाळी पुन्हा भरू लागली.

काय वेगळं करता आलं असतं

पातळीची मोजणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. दुर्बीण-यंत्र लावून अर्ध्या दिवसात पाइपाचा तळ, तळ्याचा तळ आणि खाडीची सरासरी भरती कळली असती. ते झालं नाही कारण प्रश्न 'पाणी नाही' असा मांडला गेला होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर पातळीत नव्हतं. कोळीवाडा पहिल्या बैठकीत असता तरी हेच कळलं असतं, फुकट.

पक्षीगणना फक्त भरतीला आणि फक्त रोहितांची झाली. त्यामुळे पाइप साफ केल्यावर टिलवे गेले हे आकड्यांत दिसलंच नाही, तोंडी आठवणींतून जोडावं लागलं. सुरुवातीपासून दोन्ही वेळांची आणि सगळ्या चिखलपक्ष्यांची नोंद हवी होती. रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय मोरीच्या गडबडीत मागे पडला. छत्र्या बसवून उजेड खाली वळवणं मोरीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं, ते अजून अर्धंच झालं आहे.

सगळ्यात मोठी चूक मला कराराची वाटते. मोरी बांधण्याचा ठेका निघाला, फळ्या काढण्या-घालण्याचा नाही. पहिलं वर्ष एका कोळ्याने सवयीने ते केलं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये फळ्या राहून गेल्या, पावसात पाणी रस्त्याच्या कडेला आलं आणि पर्जन्यजल विभागाने त्या काढून गोदामात टाकल्या. परत मिळवायला दिवाळी उजाडली. आता फळ्यांसाठी मानधनावर एक माणूस आहे, त्याच कोळीवाड्यातला, आणि त्याच्याकडे भरतीचं कोष्टक आणि विभागाचा फोन नंबर आहे.

नवा पेच

भरती परत आली तशी तिवराची बीही आत आली. पावसाळ्यात झाडावरून गळणाऱ्या बिया पाण्यावर तरंगत मोरीतून शिरतात, आणि चिखल सलग काही दिवस उघडा राहिला की मुळं धरतात. तळ्याच्या उत्तर कोपऱ्यात आता गुडघाभर रोपांची पट्टी आहे. दहा वर्षं असंच चाललं तर उघडा चिखल तिवरांखाली जाईल आणि टिलव्यांची जागा संपेल. रोप उपटणं बेकायदा. तिवर वाढणं वाईट कसं म्हणायचं, हेही लोकांना समजावणं कठीण. मध्यंतरी एका कंपनीने याच चिखलावर कांदळवन लागवडीचा कार्यक्रम सुचवला, टी-शर्ट आणि बॅनरसकट. बैठकीत त्याला नकार दिला गेला, आणि त्या नकारावर आजही काहीजण नाराज आहेत.

एक उपाय हातात आहे. बिया गळतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात फळ्या घालून पाणी थोडं उंच ठेवायचं, म्हणजे बी रुजणार नाही. पण त्याच महिन्यांत पावसासाठी तळं रिकामं हवं, आणि ऑगस्टच्या अखेरीस टिलव्यांचे पहिले थवे उतरतात, त्यांना चिखल उघडा हवा. गेल्या बैठकीत ठरलं ते असं: फळ्या फक्त भांगेच्या दिवसांत, उत्तर कोपऱ्यावर पाणी राहील एवढ्याच. हवामान खात्याचा नारंगी इशारा आला की त्याच दिवशी बाहेर. कोपऱ्यातल्या रोपांची मोजणी दर महिन्याला, ओहोटीला, बांबूच्या खुणांपासून.